जेथे गाड्या थांबत नाहीत

एकोणिसाव्या शतकात युरोपातील बहुतेक मोठ्या राजधान्यांत आगगाडी आली ती वेशीपाशी येऊन थांबली. नगराच्या मध्यभागी जमीन महाग, वस्ती दाट, मातबरांच्या हवेल्यांना हात लावण्याची कोणाची छाती नाही, आणि निरनिराळ्या दिशांचे लोहमार्ग निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीचे. तेव्हा प्रत्येक कंपनीने आपल्या दिशेच्या वेशीशी भव्य स्थानक उभारावे आणि आपले रूळ तेथेच संपवावेत, असा शिरस्ता पडून गेला. बर्लिनमध्ये १८३८ साली पोट्सडामचा, १८४१ साली आनहाल्टचा आणि १८४२ साली श्टेटिनचा मार्ग सुरू झाला. पहिल्या दोहोंची स्थानके शहराच्या दक्षिण अंगास, तिसऱ्याचे उत्तरेस. आणि बाल्टिक समुद्राकडून आलेल्या उतारूस सॅक्सनीकडे जावयाचे असेल तर त्याने आपले सामानसुमान उचलावे, भाड्याची गाडी करावी आणि मधले सारे शहर तुडवावे, याखेरीज गत्यंतर नव्हते. बोरीबंदरास उतरून चर्चगेट गाठावे लागणाऱ्या मुंबईकरास हा प्रकार अधिक उलगडून सांगण्याचे कारण नाही.

पूर्व-पश्चिम दिशेची ही अडचण बर्लिनने १८८२ साली विटांच्या कमानींवरून रूळ नेऊन दूर केली. उत्तर-दक्षिण जोडणीची तजवीज मात्र पहिल्या महायुद्धापूर्वीपासून कागदावरच राहिली, आणि १९३४ साली जेव्हा तिला हात घातला गेला तेव्हा जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू झालेला होता. आनहाल्टर स्थानकापासून श्टेटिनर स्थानकापर्यंत, शहराच्या अगदी काळजाखालून, सुमारे ६ किलोमीटरांचे भुयार खोदावयाचे आणि त्यातून दोन्हीकडील उपनगरी विद्युत्‌गाड्या आरपार सोडावयाच्या, अशी ती योजना होती. बर्लिन वाळूवर वसलेले आहे. काही हात खणले की पाणी लागते. ते पाणी अहोरात्र उपसत, रस्ते उकरून, वरून छत घालून काम चाललेले असता २० ऑगस्ट १९३५ रोजी ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ खोदकामाची बाजू खचली आणि १९ मजूर गाडले गेले. जबाबदार मंडळींवर खटला झाला, परंतु कामाची घाई कमी झाली नाही. कारण पुढच्या वर्षी ऑलिंपिकचे सामने भरावयाचे होते आणि परदेशी पाहुण्यांना नवे भुयार दाखवावयाचे होते. उत्तरेकडील तुकडा १९३६ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, सामन्यांच्या तोंडावर, उघडला; दक्षिणेकडील टोक १९३९ च्या ऑक्टोबरात जोडले गेले, तोवर दुसरे महायुद्ध सुरू होऊन महिना उलटला होता.

त्या युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, १९४५ च्या मे महिन्याच्या आरंभी, लांडवेर कालव्याच्या तळाशी भुयाराचे छत सुरुंगाने फुटले आणि कालव्याचे पाणी आत शिरून शहराच्या दुसऱ्या भुयारी मार्गांतही पसरले. हजारो माणसे त्यात बुडाली अशी वार्ता पुष्कळ काळ फिरत होती. पाणी उपसल्यावर जी प्रेते सापडली त्यांतील बरीचशी आधीच मेलेल्या जखमींची होती असे पुढे निष्पन्न झाले. पण वार्ता मरत नाहीत, आणि ज्या शहराने इतके पाहिले त्याला आणखी एक भयंकर गोष्ट खरी मानणे जड गेले नसावे. १९४७ च्या अखेरपर्यंत भुयार पुन्हा चालू झाले.

येथपर्यंतचा वृत्तान्त कोणत्याही महानगराच्या लोहमार्गाचा असू शकेल. माझ्या मनाला जो प्रश्न पडला आहे तो १३ ऑगस्ट १९६१ पासून सुरू होतो. त्या दिवशी पूर्व जर्मनीच्या सरकारने पश्चिम बर्लिनभोवती काटेरी तारा ओढून सरहद्द बंद केली आणि पुढे तारांची भिंत झाली. भूमीवर भिंत घालता येते. परंतु भूमीखाली जो मार्ग दक्षिणेस पश्चिम बर्लिनमध्ये सुरू होऊन, मध्ये पूर्व बर्लिनखालून जाऊन, उत्तरेस पुन्हा पश्चिम बर्लिनमध्ये वर येत होता, त्याचे काय करावयाचे? भुयार बुजवावे तर उत्पन्न बुडते आणि वाटाघाटींतला एक मोहरा हातचा जातो. कारण, गमतीची गोष्ट अशी, की शहरातील ही सारी उपनगरी लोहमार्गसेवा, पश्चिमेकडील तुकड्यांसुद्धा, पूर्व जर्मनीच्या राइख्सबान या खात्याकडे होती आणि ती १९८४ पर्यंत तशीच राहिली. तेव्हा तोड निघाली ती अशी: गाड्या चालू ठेवाव्यात, पण त्यांनी पूर्वेकडील स्थानकांत थांबू नये. पोट्सडामर प्लाट्झ, उंटर डेन लिंडेन, ओरानियेनबुर्गर श्ट्रासे आणि पूर्वीच्या श्टेटिनरचे नाव बदलून झालेले नॉर्डबानहोफ, अशी चार स्थानके बंद झाली. फक्त फ्रीडरिखश्ट्रासे येथे गाडी थांबे, आणि तेथे उतरलेल्या पश्चिमेकडील उतारूंना एकाच इमारतीत पत्र्याच्या आडभिंतींनी वेगळ्या केलेल्या फलाटांवरून गाडी बदलता येई, परवाना असल्यास तपासणीच्या नाक्यातून पूर्वेत जाता येई, अथवा फलाटावरील दुकानातून पश्चिमेचे चलन मोजून सवलतीतली दारू आणि सिगारेटी घेऊन परत फिरता येई. समाजवादी राज्याच्या पोटातले ते दुकान परकीय चलनाच्या गरजेतून निघालेले होते. त्याच स्थानकाला लागून १९६२ साली जी काचेची निर्गमनशाळा बांधली तिला बर्लिनकरांनी अश्रूंचा महाल असे नाव दिले, कारण भेटीस आलेले आप्त तेथून परतत.

बंद स्थानकांना लोक भुतांची स्थानके म्हणू लागले. त्यांचे प्रवेशमार्ग वरून विटांनी बुजविले होते, पायऱ्यांच्या जागी फरसबंदी झाली होती, आणि वर चालणाऱ्या पूर्वेकडील नागरिकास आपल्या पायाखाली गाडी जाते आहे याची खूण वायुवीजनाच्या जाळीतून येणाऱ्या घरघरीवरूनच काय ती कळे. खाली गाडी स्थानकाशी आली की वेग कमी करी. डब्याच्या काचेतून दिसे ते असे: मंद दिव्यांत धूळ बसलेला फलाट, भिंतीवर पांढऱ्या चकचकीत फरश्यांत जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांतले स्थानकाचे नाव, जे पुसण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, आणि फलाटाच्या कडेला विटांची एक खोली, तिला बोटभर उंचीची फट, त्या फटीच्या मागे पहारेकरी. हे पहारेकरी जोडीने ठेवीत, आणि पुष्कळदा खोलीस बाहेरून कुलूप लावीत; कारण गाडी पश्चिमेकडे जात होती आणि पहारेकऱ्यांनाही पाय होते. गाडी वेग धरी, दुसरे नाव येई, दुसरी फट येई. काही मिनिटांत पुन्हा उजेड, पुन्हा जाहिराती, पुन्हा उतरणारे लोक.

या प्रवासाकडे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहणाऱ्या भारतीय मनुष्यास एक मोह होण्याचा संभव आहे, आणि तो मला झाला हे कबूल करण्यास हरकत नाही. संसारातून जावे पण संसाराने लिप्त होऊ नये, हा जो आपल्या सर्व मोक्षशास्त्रांचा उपदेश, त्याचे याहून नेमके रूपक लोखंडात आणि सिमेंटात कोणी घडविले असेल काय? मनुष्य त्या प्रदेशातून जातो, तो प्रदेश पाहतो, त्याचे भय आणि त्याचे दैन्य त्याच्या डोळ्यांसमोरून सरकते. आणि त्याला त्यातले काहीही चिकटत नाही. डब्याची दारे बंद आहेत. तो केवळ साक्षी आहे. प्रवचनकाराच्या हाती हा दृष्टान्त पडला असता तर त्याने एक चातुर्मास त्यावर काढला असता.

परंतु जे दृष्टान्त आपली शास्त्रे स्वतः देतात ते जरा लक्ष देऊन पाहिले की हा मोह टिकत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात अलिप्ततेसाठी कमळाच्या पानाची उपमा आली आहे. ते पान पाण्यातून जात नाही, पाण्यात राहते. त्याचा देठ त्याच चिखलात रुतलेला आहे, त्याच पाण्याने ते वाढते, आणि पाणी त्याच्यावर ठरत नाही हे त्याचे वैशिष्ट्य त्या पाण्यात अहोरात्र राहूनच सिद्ध होते. मुण्डकोपनिषदातील दोन पक्ष्यांपैकी जो फळ न खाता केवळ पाहतो तो दुसऱ्या वृक्षावर बसलेला नाही, आकाशमार्गाने चाललेला तर नाहीच नाही. फळे खाणाऱ्याचा तो सखा आहे आणि त्याच वृक्षाला बिलगून आहे. साक्षित्वाची ही जी कल्पना आहे तिच्यात सान्निध्य गृहीत धरलेले आहे. जो दूर आहे त्याने लिप्त न होणे यात पुरुषार्थ कोणता? आणि ज्याची दारे दुसऱ्याने बंद केली आहेत त्याच्या अस्पर्शास वैराग्य म्हणावे तर कुलूप हेच सर्वश्रेष्ठ गुरू ठरेल. आपल्याकडे या दोहोंची गल्लत फार जुनी आहे. शेजारच्या दुःखाजवळून नजर न वळविता गेलेला मनुष्य स्वतःस स्थितप्रज्ञ समजू लागला की त्याची समजूत घालणे कठीण, कारण स्थितप्रज्ञाची सर्व बाह्य लक्षणे त्याच्यापाशी असतात.

याविषयी महाभारताने जे सांगितले आहे ते मला कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक निर्णायक वाटते. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो तेव्हा त्याला तेथे दुर्योधन दिसतो आणि भाऊ दिसत नाहीत. ते जेथे असतील तेथे मला न्या, असा तो हट्ट धरतो. देवदूत त्याला एका मार्गाने नेतो: अंधार, दुर्गंधी, प्रेते, केस आणि मांस यांचा चिखल, तापलेली वाळू. हा मार्ग जोडमार्गच आहे. एका लोकातून निघून अधोलोकाच्या पोटातून जाणारा, आणि देवदूतास आज्ञा आहे ती केवळ दाखवून आणण्याची. युधिष्ठिरालाही तो प्रकार असह्य होतो. येथे व्यासांचा प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. धर्मराजास प्रथम करुणा येत नाही, त्याला परत फिरावेसे वाटते, आणि तो खरोखर पाठ फिरवितो. तेव्हा काळोखातून आवाज येतात: क्षणभर थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हांस सुख वाटते. तो थांबतो. आवाज ओळखीचे वाटतात पण ओळख पटत नाही, म्हणून तो विचारतो की तुम्ही कोण आणि येथे का आहात. नावे सांगितली जातात: कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. आणि मग तो देवदूतास सांगतो की तू ज्यांचा दूत आहेस त्यांच्याकडे परत जा, मी येथेच राहतो. पुढे इंद्र येऊन ही सारी माया होती असे सांगतो. तो खुलासा मला नेहमी थोडा सरकारी वाटत आला आहे. परंतु कथेचा गाभा त्याच्या आधीच संपलेला आहे. मार्कण्डेय पुराणातील विपश्चित राजाही असाच नरकातून नेला जात असता आपल्या वाऱ्याने पाप्यांना सुख होते हे कळताच पुढे जाण्यास नकार देतो. म्हणजे एकदा सुचून गेलेली ही कल्पना नव्हे. परंपरेने ती पुन्हा सांगितली.

ख्रिस्ती परंपरेतही याला जोड आहे. प्रेषितांचा म्हणून जो विश्वासनामा प्रॉटेस्टंट आणि कॅथॉलिक दोघेही उपासनेत म्हणतात, त्यात ख्रिस्त मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात मृतांच्या लोकी उतरला असा एक लहानसा निर्देश आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती चित्रकारांनी या प्रसंगाची जी मूर्ती शतकानुशतके रंगविली तीत ख्रिस्त अधोलोकाची मोडून पडलेली दारे पायांखाली घेऊन उभा आहे, आणि आदामाला मनगटाशी धरून वर ओढतो आहे. तळहाताशी धरलेले नाही, मनगटाशी. धरून ठेवण्याची शक्ती वर येणाऱ्यात उरलेली नाही म्हणून. हा पुरुषही पाताळातून आरपार गेला, परंतु दारे मोडून गेला.

नॉर्डबानहोफपासून थोड्याच अंतरावर बेर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावर १८९४ साली बांधलेले एक चर्च होते. त्याचे नाव समेटाचे चर्च. सरहद्द अशी पडली की चर्च पूर्वेत, आणि त्याच्या पंथीयांची बहुतेक घरे रस्त्यापलीकडे पश्चिमेत. भिंत झाल्यावर ते मधल्या मोकळ्या पट्ट्यात अडकले. उपासनेला कोणी येईना, पहारेकऱ्यांना मात्र मनोऱ्याचा उपयोग होई. शेजारच्या सोफिया पॅरिशच्या दफनभूमीतील थडगीही या पट्ट्यासाठी हलविली गेली. १९८५ च्या जानेवारीत, भिंत पडण्यास पाच वर्षेही उरलेली नसता, ते चर्च सुरुंग लावून पाडण्यात आले. पुढे त्याच जागी एक लहान प्रार्थनामंदिर झाले, ते २००० साली खुले झाले. त्याची भिंत चोपून बसविलेल्या मातीची आहे, आणि त्या मातीत जुन्या चर्चचा भुगा व विटांचे तुकडे मिसळलेले आहेत. जवळून पाहिले तर मातीच्या थरांत लाल कपऱ्या दिसतात. शेजारी राय नावाचे धान्य पेरतात. येथील धर्मोपदेशकांनी उतरून येण्याच्या त्या श्रद्धावचनाचा काय अर्थ शिकविला असेल ते सांगता येणार नाही, पण ज्यांनी ही भिंत चोपली त्यांना तो कळला होता असे मला वाटते.

येथे एक रास्त हरकत निघेल, आणि ती बाजूस सारता येत नाही. युधिष्ठिराला थांबता येत होते. त्या गाडीतील मनुष्याला थांबता येत नव्हते. गाडी दुसऱ्याच्या हाती, दार दुसऱ्याच्या हाती, फलाटावर बंदूक. जे करणे शक्यच नाही ते न केल्याचा दोष कोणावर कसा येईल? जर्मनीचाच तत्त्वज्ञ कांट कर्तव्य सांगताना सामर्थ्य गृहीत धरतो, आणि आपले धर्मशास्त्रही अशक्ताला विधी लावीत नाही. ही हरकत मला मान्य आहे. उलट पश्चिम बर्लिनकरांनी त्यांच्या हाती होते ते एक केले, हेही नोंदले पाहिजे: भिंत झाल्याबरोबर त्यांनी या गाड्यांवर बहिष्कार घातला, कारण तिकिटाचा प्रत्येक पैसा काटेरी तारांच्या खर्चात जातो असे त्यांचे म्हणणे होते. गाड्या वर्षानुवर्षे अर्ध्या रिकाम्या धावल्या. जेथे उतरता येत नाही त्या गाडीत न चढणे, एवढाच थांबा त्यांच्या सत्तेत होता.

तरीही अठ्ठावीस वर्षांत शिल्लक राहते ते अवधानाचे काम. पहिल्या महिन्यात ज्याने काचेला नाक लावून त्या फटीकडे पाहिले असेल, तो दहाव्या वर्षी वर्तमानपत्र वाचीत असेल; यात अस्वाभाविक काही नाही, आणि नीतीचा प्रश्न नेमका येथे, या स्वाभाविकपणातच, सुरू होतो. या संदर्भात त्या काळचे दोन नकाशे मला फार बोलके वाटतात. पूर्वेच्या नकाशात पश्चिम बर्लिनच्या जागी कोरा पट्टा असे. तेथे मार्ग नाहीत, स्थानके नाहीत, आणि स्वतःच्या शहराखालून जाणारे हे भुयारही नाही. पश्चिमेच्या नकाशात बंद स्थानके छापलेली असत, आणि खाली टीप असे की या स्थानकांत गाड्या थांबत नाहीत. नैयायिकांना या भेदाचे महत्त्व लगेच कळले असते. अभाव हा त्यांच्या मते स्वतंत्र पदार्थ आहे, आणि भूतलावर घट नाही हे ज्ञान होण्यासाठी भूतलही दिसावे लागते आणि घटाचे स्मरणही असावे लागते. ज्याला घटाची आठवणच नाही त्याला घटाभावाचेही ज्ञान नाही. त्याला काहीच ज्ञान नाही. पूर्वेच्या सरकारी दप्तराने जे केले ते हे, ज्याचा अभाव तो प्रतियोगीच पुसून टाकला. पश्चिमेच्या छापखान्याने एक ओळ जास्त छापून अभावाला अभाव म्हणून जिवंत ठेवले. कोणी म्हणेल की ही केवळ उतारूंच्या सोयीसाठी छापलेली सूचना होती. असेल; पण अनेक सत्ये सोयीच्या आश्रयानेच टिकतात, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

१९८९ च्या नोव्हेंबरात भिंत उघडली. ओरानियेनबुर्गर श्ट्रासे १९९० च्या जुलैत खुले झाले, उंटर डेन लिंडेन आणि नॉर्डबानहोफ सप्टेंबरात, पोट्सडामर प्लाट्झ १९९२ च्या मार्चमध्ये. आता तेथे दर काही मिनिटांनी गाडी थांबते, आणि नॉर्डबानहोफच्या वरच्या मजल्यावर या बंद स्थानकांचे प्रदर्शन मांडलेले आहे. मात्र ज्यांना जोडण्यासाठी हे भुयार खोदले ती महास्थानके या अवधीत नाहीशी झाली. श्टेटिनर आणि आनहाल्टर या दोन्ही स्थानकांतील लांब पल्ल्याची वाहतूक १९५२ साली बंद पडली, इमारती पाडल्या गेल्या, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी २००६ साली पश्चिमेस दुसरेच भुयार व दुसरेच मध्यवर्ती स्थानक झाले. संयोग हा दोन द्रव्यांच्या आश्रयाने राहतो आणि आश्रय गेला की जातो, असा वैशेषिकांचा सिद्धान्त आहे. येथे दोन्ही आश्रय गेले आणि संयोग रोज धावतो आहे. कणादाला हे उदाहरण मिळाले असते तर त्याने बहुधा भुयारालाच द्रव्य म्हणून वेळ मारून नेली असती.

आनहाल्टर स्थानकाच्या महाद्वाराचा एक भग्न तुकडा आज मैदानात उभा आहे आणि त्याच्याखाली भुयारी स्थानक शाबूत आहे. या ठिकाणी मला वरचा सारा युक्तिवाद पुन्हा तपासून पाहावा लागतो, कारण मी आतापर्यंत न थांबणाऱ्या गाडीला प्रश्न विचारीत आलो. १९४२ ते १९४५ या वर्षांत हे भुयार नवे होते, त्यात कोणतेही स्थानक बंद नव्हते, प्रत्येक गाडी प्रत्येक फलाटाशी थांबत होती आणि दारे उघडत होती. त्याच वर्षांत वरच्या महास्थानकातून बर्लिनच्या ९,६०० हून अधिक ज्यूंना थेरेझिएनश्टाट येथील छावणीकडे रवाना करण्यात आले. त्यांतील पुष्कळ वृद्ध होते. मालडबे नव्हते, खास गाडीही नव्हती; पन्नास किंवा शंभर माणसांना तिसऱ्या वर्गाच्या उतारूडब्यांत बसवीत आणि ते डबे वेळापत्रकातल्या नेहमीच्या गाडीस जोडीत. पुढच्या डब्यांत सुट्टीस, व्यापारास, नातलगांकडे चाललेले लोक असत. खालून भुयाराच्या पायऱ्या चढून येणारा मनुष्य त्याच फलाटावर येई. कोटावर पिवळा तारा लावलेली म्हातारी माणसे हातात गाठोडे घेऊन त्याच्या समोरून जात. त्याच्यावर काचेचे दार बंद नव्हते. बंदुकीचे भय त्यालाही होते, हे मी विसरत नाही, आणि ज्याने त्या काळी काही केले असते त्याचे काय झाले असते हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९६१ नंतरच्या उतारूस ज्या हरकतीने आपण मोकळे केले ती हरकत याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

युधिष्ठिराने थांबल्यावर पहिली गोष्ट केली ती सुटकेची खटपट नव्हे, इंद्राकडे फिर्याद नव्हे. त्याने विचारले की तुम्ही कोण. आनहाल्टरच्या फलाटावर हा प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटली नाही, आणि त्याचे उत्तर मिळणे अवघडही नव्हते, कारण प्रत्येक रवानगीची यादी कारकुनाने आधीच टंकलिखित करून ठेवलेली असे, आणि तीत नाव, जन्मतारीख आणि बर्लिनमधील राहत्या घराचा पत्ता हे तिन्ही रकाने भरलेले असत.